आतड्याला बॉस नसतो

"टेन्शन फार घेता का?"

पाच दिवस पोट साफ झालेलं नाही, पोट फुगलंय, भूक मेली आहे, असं सांगितल्यावर मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मी उत्तर द्यायच्या आत दुसरा आला, "कुठे काम करता?" सॉफ्टवेअर कंपनीत, म्हटलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या लेखी निदान झालं होतं. बैठं काम, डेडलाइन, मनावर घेऊ नका, थोडं चालत जा. पोटाला हात लागला नाही. फी देऊन मी बाहेर आले.

रिक्षात बसून फोन उघडला, तर अल्गोरिदमला माझं पोट आधीच कळलेलं. एक हसरा माणूस सांगत होता की आतडं म्हणजे आपला दुसरा मेंदू. त्यात वाईट जिवाणू माजले की पोट बिघडतं आणि मूडही बिघडतो. चांगले जिवाणू खालच्या लिंकवरच्या कॅप्सूलमध्ये आहेत.

एक म्हणतो, दोष तुझ्या डोक्यात. दुसरा म्हणतो, दोष तुझ्या जिवाणूंत. वरवर ही दोन टोकं वाटतात, पण दोघांचा समज एकच आहे. आतडं स्वतः काही करत नाही, त्याला वरून किंवा आतून कुणीतरी हुकूम सोडतं, असा तो समज. माझं म्हणणं आहे की हा समज चूक आहे, आणि त्याची किंमत आपण रोज मोजतो आहोत.

आधी वरून येणाऱ्या हुकमाचं बघू. १८९९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यांवर प्रयोग केले. बाहेरून आतड्याकडे येणाऱ्या चेता त्यांनी कापून टाकल्या. म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूशी संबंध तुटला. मग आतड्यात एक गोळा ठेवला. गोळ्याच्या मागचा भाग आकसला, पुढचा भाग सैल पडला आणि गोळा पुढे सरकला. १९१७ मध्ये जर्मनीत पॉल ट्रेंडेलेनबर्ग यांनी त्याच्याही पुढचं केलं. गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट क्षारपाण्यात ठेवला आणि आतून दाब वाढवला. तुकड्यात लाटा सुरू झाल्या. तिथे मेंदू नव्हता, मन नव्हतं, डेडलाइनही नव्हती.

हे कसं होतं? आतड्याच्या भिंतीत चेतापेशींची दोन जाळी आहेत. एक स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये, दुसरं आतल्या अस्तराखाली. माणसाच्या आतड्यात अशा २० ते ६० कोटी चेतापेशी असाव्यात असा अंदाज आहे. अन्नाने भिंत ताणली गेली की अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात. शेजारच्या चेतापेशींना ती खबर लागते. त्या दोन्ही दिशांना निरोप धाडतात, मागच्या स्नायूला ‘आवळ’ आणि पुढच्याला ‘सोड’. आवळण्याचा निरोप मुख्यतः ॲसिटिलकोलीन नेतं, सोडण्याचा नायट्रिक ऑक्साइड. हीच साखळी पुढच्या इंचावर, मग त्याच्या पुढच्या. मेंदूला विचारायची गरज पडत नाही. उलट मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस चेतेतले बहुतांश तंतू खालून वर बातमी नेणारे आहेत.

मेंदूकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. गिळणं त्याच्या ताब्यात आहे आणि शेवटचं दारही. मधल्या प्रवासावर तो वेग कमी-जास्त करायचा दबाव आणू शकतो. मुलाखतीच्या सकाळी तीनदा बाथरूम गाठणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. पण दबाव आणणं वेगळं आणि काम करणं वेगळं. ऑफिसात आहोत म्हणून हा फरक आपल्याला चांगला कळायला हवा.

कुणाला अजून शंका असेल तर हिर्शस्प्रुंगचा आजार बघा. साधारण ५,००० बाळांमागे एकाला तो होतो. गर्भात असताना आतड्याच्या चेतापेशींचे पूर्वज वरून खाली प्रवास करत जातात. या बाळांमध्ये ते शेवटपर्यंत पोचतच नाहीत. मोठ्या आतड्याचा शेवटचा तुकडा चेतापेशींविना राहतो. मेंदू ठीक, स्नायू जागेवर, तरी तो तुकडा सैल पडत नाही. शी अडते, पोट फुगतं. शस्त्रक्रिया करून तो तुकडा काढावा लागतो. या बाळाच्या आईला कुणी सांगतं का, की तुमचं बाळ फार टेन्शन घेतं?

प्रवासात जुलाब लागले की अनेकजण घेतात ती लोपेरामाइडची गोळीही हेच सांगते. ती आतड्यातल्या चेतापेशींवर काम करते, मेंदूत जवळजवळ पोचतच नाही. मन तितकंच धास्तावलेलं राहतं आणि पोट मात्र थांबतं.

आता दुसरा दावा, जिवाणूंचा. हा जास्त अवघड आहे, कारण यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो विलक्षण आहे. आपल्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असावेत असा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. ते आतड्याच्या हालचालीत भाग घेतात. जन्मापासून जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांमध्ये अन्न हळू सरकतं, हे १९६७ मध्येच दिसलं होतं. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की काही जिवाणूंच्या सहवासात अस्तरातल्या पेशी जास्त सेरोटोनिन बनवतात आणि उंदरांचं मंदावलेलं आतडं सुधारतं. २०२० मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधून आणखी नेमकी गोष्ट पुढे आली. उंदरांच्या मोठ्या आतड्यातल्या चेतापेशींमध्ये एक प्रथिन असतं. जिवाणूंकडून आणि अन्नातून येणारी काही रसायनं ते ओळखतं. फक्त चेतापेशींमधून ते काढून टाकलं, तर जिवाणू जागेवर असूनही आतड्याच्या लाटा कमी होतात. म्हणजे जिवाणू रसायनं सोडतात, आणि चेतापेशी त्यांचा अंदाज घेऊन आपली चाल ठरवतात.

इथवर विज्ञान आहे. पुढची उडी दुकानाची आहे.

पहिली उडी उंदरावरून माणसावर. वरचे प्रयोग उंदरांवर झाले, त्यातले अनेक पूर्ण जिवाणूविरहित किंवा अँटिबायोटिकांनी आतडं धुऊन काढलेल्या उंदरांवर. तुमचं-माझं आतडं तसं रिकामं नाही. गजबजलेल्या शहरात बाहेरून दोन बस भरून माणसं आणून सोडली, तर ती तिथे स्थायिक होतील आणि शहराचा कारभार सुधारतील, हे गृहीत कसं धरायचं? इस्रायलच्या वाइझमन संस्थेत २०१८ मध्ये अँटिबायोटिकांचा कोर्स संपलेल्या निरोगी माणसांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं. त्यांचे मूळचे जिवाणू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध पुरावे तपासले. काही ठरावीक परिस्थितींत ठरावीक जिवाणूंचा उपयोग त्यांनी मान्य केला, पण आयबीएस असलेल्यांना प्रोबायोटिक फक्त चाचणीचा भाग म्हणून द्या, असं सांगितलं. रीलमधल्या माणसाने यातलं काही सांगितलं नव्हतं.

दुसरी उडी मूडची. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे. पण हे सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, मधे अडसर आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातलं सेरोटोनिन वाढवलं की माणूस आनंदी होतो, असं या ९० टक्क्यांवरून म्हणता येत नाही.

तिसरी उडी सगळ्यात फसवी, आणि माझ्या पेशातले लोक तिला हमखास बळी पडतात. शौचाचा नमुना पाठवा, आम्ही जिवाणूंचा रिपोर्ट देतो, अशी पाकिटं आता घरपोच मिळतात. रिपोर्टमध्ये जिवाणू बिघडलेले, तुमचं पोटही बिघडलेलं, म्हणजे कारण सापडलं! पण बाण उलटाही असू शकतो. २०१६ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना दिसलं की शौच किती घट्ट किंवा पातळ आहे, यावरून जिवाणूंची वस्ती बरीच बदलते. आतडं मंद चाललं की मल आत जास्त वेळ राहतो, जिवाणूंचा तंतूमय खाऊ संपतो आणि ते प्रथिनांकडे वळतात. म्हणजे जिवाणूंमुळे आतडं मंदावलं की आतडं मंदावल्यामुळे जिवाणू बदलले, हे एका नमुन्यावरून कळत नाही. आम्ही कोड लिहिणारे लोक लॉगमध्ये दोन ओळी लागोपाठ दिसल्या की पहिलीला गुन्हेगार ठरवतो. मग रात्री दोन वाजता कळतं की दोन्ही ओळी तिसऱ्याच बिघाडाच्या होत्या.

कुणी म्हणेल, घेतली एखादी कॅप्सूल तर काय बिघडतं? पैसे जातात, ते सोडा. वेळ जातो. शौचातून रक्त, न सांगता घटणारं वजन, झोपेतून उठवणारी कळ, अशी लक्षणं असलेली माणसंही सहा-सहा महिने ‘गट हेल्थ’ सुधारत बसतात. आणि ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकून घरी गेलेला माणूस तर पुन्हा डॉक्टरकडे जायलाच लाजतो, कारण आता त्याची तक्रार म्हणजे त्याच्या स्वभावातली खोट ठरलेली असते. बाईच्या वाट्याला हे वाक्य जास्त येतं, असं मी तरी पाहिलं आहे.

माझ्या बाबतीत पुढे काय झालं ते सांगते. दोन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी पोट तपासलं. मग विचारलं, "सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. लोहाच्या गोळ्यांनी अनेकांचं पोट घट्ट होतं, ही कुठल्याही मेडिकलवाल्याला ठाऊक असलेली गोष्ट. त्यांनी गोळी बदलली, काही दिवस रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी घ्यायला सांगितलं. इसबगोल पाणी धरून ठेवतं, मल मऊ आणि भरदार होतो, भिंत ताणली जाते आणि ती १८९९ ची साखळी सुरू होते. त्याला रील लागत नाही.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, "आली की लगेच जाता, की दाबून धरता?"

मी दाबून धरत होते. सकाळी पोटात काही गेलं की मोठं आतडं हलतं, शरीराची ती जुनी सवय आहे. पण त्या वेळी मी बसमध्ये असते, मग स्टँडअप मीटिंगमध्ये, आणि ऑफिसच्या मजल्यावर सगळ्या बायकांना मिळून दोन टॉयलेट. दाबलं की हाक थांबते, पाणी शोषलं जात राहतं, मल कडक होतो. रोज असं केलं की हाकही क्षीण होत जाते. माझं निदान बायकांच्या वाट्याला आलेल्या या अडचणीचं होतं, आणि माझ्याकडे निदान टॉयलेट तरी आहे. बसच्या कंडक्टर, बाजारात भाजी विकणाऱ्या, बंदोबस्तावर उभ्या असलेल्या बायकांना काय सांगणार, टेन्शन घेऊ नका? की कॅप्सूल घ्या?

म्हणून माझी मागणी साधी आहे. पोटाची तक्रार आधी पोटाची म्हणून ऐका. औषधं विचारा, थायरॉइड तपासा, पाणी आणि जेवण विचारा, टॉयलेट आहे का ते विचारा. मनाचं नंतर विचारा आणि तेही मनापासून विचारा, सुटका करून घ्यायला नको. आणि आपण वाचणाऱ्यांनी, पुढची कॅप्सूल कार्टमध्ये टाकण्याआधी, सकाळी ती हाक आली की उठून जावं. मीटिंग पाच मिनिटं थांबते.