बापाच्या मांडीवरची शाळा

शाळेचा पहिलाच दिवस. ६ वर्षांची स्काऊट घडाघडा वाचते, तर बाईच नाराज! वडिलांनी आता शिकवायचं नाही म्हणे. हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीतला हा प्रसंग. गोष्ट अमेरिकेतल्या अलाबामाची. आई हयात नाही. वकील बाप अ‍ॅटिकस रोज रात्री तिच्यासोबत वाचतो. रुसलेल्या लेकीशी तो तडजोड करतो: तू शाळेत जा, आपलं वाचन चालूच राहील. पुढे खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या माणसाचा खटला तो लढतो आणि हरतो. गावाचे टोमणे लेकही सोसते. पण आपला बाप घरात एक, बाहेर दुसरा नाही, हे तिला उमगतं.

अब्बांनो, आज रात्री मोबाइल बाजूला ठेवून लेकीला जवळ बसवा. वाचायला वर्तमानपत्रही चालेल.