‘ओन्ली’ कुठे बसवावा?

मराठीतला ‘च’ मोठा सोयीचा आहे. ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला तो चिकटवला की काम भागते. ‘मीच पैसे दिले’, ‘मी पैसेच दिले’, ‘मी कालच पैसे दिले’. इंग्रजीत असा चिकटणारा ‘च’ नाही. तिथे ‘ओन्ली’ला स्वतःची जागा बदलून हे काम करावे लागते. मराठी माणूस मात्र ‘च’प्रमाणेच ‘ओन्ली’ शब्दामागे लावतो आणि ‘आय अ‍ॅम इन पुणे ओन्ली’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे ते सर्वांना कळते. परदेशातला माणूस मात्र शेवटी लोंबणाऱ्या त्या ‘ओन्ली’पाशी घुटमळतो.

बोलताना आवाजाचा चढउतार सांभाळून घेतो. कागदावर ती सोय नसते. ‘ओन्ली सुनीता साइन्ड द फॉर्म’ म्हणजे सही एकट्या सुनीताने केली, इतरांची राहिली. ‘सुनीता ओन्ली साइन्ड द फॉर्म’ म्हणजे तिने नुसती सही केली, फॉर्म दुसऱ्याच कोणी भरला असेल. ‘सुनीता साइन्ड ओन्ली द फॉर्म’ म्हणजे फॉर्मवर सही झाली, बाकीचे कागद तसेच पडले आहेत. प्रकरण कर्जाच्या जामिनाचे असेल, तर या तीन वाक्यांतला फरक सुनीताला चांगलाच जाणवेल!

‘ऑलमोस्ट’चेही तसेच. ‘आय ऑलमोस्ट लॉस्ट ऑल माय मनी’ म्हणजे सगळे पैसे जाता जाता वाचले. ‘आय लॉस्ट ऑलमोस्ट ऑल माय मनी’ म्हणजे जवळजवळ सगळे गेले. चोरीच्या तक्रारीत चुकून पहिले वाक्य लिहिले, तर काही चोरीला गेलेच नाही असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून प्रत्येक ‘ओन्ली’ त्याच्या शब्दाला खेटूनच हवा, असा हट्टही नको. इंग्रज माणूस बोलताना सर्रास ‘आय ओन्ली हॅव टेन पाउंड्स’ म्हणतो. शब्दांच्या वापराबाबत काटेकोर असलेल्या फाउलरनेही १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात अशा बोलण्याची बाजूच घेतली आहे. अट एवढीच, की अर्थाचा घोटाळा होऊ नये. अर्ज, करार, तक्रार यांत तो होण्याची शक्यता अधिक, तेव्हा तिथे ‘ओन्ली’ जागच्या जागीच ठेवावा.

मराठी वळणाची आणखी एक चूक सहज सुधारता येते. ‘ती इंग्रजी छान बोलते’ यात ‘छान’ हे क्रियाविशेषण कर्म आणि क्रियापद यांच्या मध्ये बसते. त्याच सवयीने ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’ असे वाक्य होते. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला शिरू देत नाहीत. म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’. ‘ऑलवेज’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी येतात: ‘ही ऑलवेज कम्स लेट’. पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असतील तर त्यांच्यानंतर: ‘ही इज ऑलवेज लेट’.