हलका चाप, भारी जबाबदारी



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तो कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी गावचा. त्यानंतर आमच्या वर्गात नेमबाजीच्या गप्पा रंगल्या. एका मुलाने विचारले, "सर, या रायफलचा चाप फार हलका असतो म्हणतात. मग चुकून गोळी सुटणार नाही का?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आज आपण शोधू या.

बंदुकीचा जो भाग बोटाने मागे ओढला की गोळी सुटते, त्याला चाप म्हणतात. इंग्रजीत त्यालाच ट्रिगर म्हणतात. चाप ओढायला किती जोर लागतो, हे ग्रॅममध्ये मोजतात. १० मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत हा जोर कमीत कमी ५०० ग्रॅम असावा लागतो. तपासणीच्या वेळी पिस्तुलाची नळी उभी धरतात आणि चापाला ५०० ग्रॅमचे वजन लावून ते उचलतात. चाप सुटला, तर ते पिस्तूल चालत नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलसाठी ही मर्यादा १५०० ग्रॅम आहे. मात्र १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांना अशी मर्यादा नाही. त्यांचे चाप शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही हलके असतात.

असे का? एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. चाप जड असेल, तर बोटाला जोर लावावा लागतो. त्या जोराने नळीचे टोक केसभर हलते आणि दहा मीटरवर नेम चुकतो. म्हणून नेमबाजाला हलका चाप हवा असतो.

काही जण म्हणतात, "धोका नको. रायफलच्या चापालाही वजनाची सक्ती करा." त्यांची काळजी खरी आहे. फारच हलका किंवा नीट न बसवलेला चाप धक्क्यानेही सुटू शकतो. तरीही मला हा उपाय अपुरा वाटतो. जड चापावरही बोट ठेवून कोणी इकडेतिकडे वळला, तर अपघात होईलच. सुरक्षितता केवळ चापाच्या स्प्रिंगमध्ये नसते. ती माणसाच्या सवयीत असते.

म्हणूनच नेमबाजी केंद्रावर कडक नियम असतात. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याकडेच ठेवायचे. आज्ञा मिळाल्याशिवाय गोळी भरायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवायचे. नेमबाजी थांबली की रायफल रिकामी करून तिच्यात भडक रंगाची सुरक्षा-पट्टी घालायची. एअर रायफलची ही पट्टी नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. ती दिसली, म्हणजे आत छर्रा नाही याची सर्वांना खात्री पटते. 'थांबा' या आज्ञेनंतर परवानगीशिवाय रायफल हाताळणारा खेळाडू कितीही मोठा असो, त्याला स्पर्धेतून बाद करता येते.

माझे मत असे आहे : अनुभवी खेळाडूला हलका चाप वापरू द्यावा. पण नवशिक्या मुलामुलींच्या हाती पहिल्याच दिवशी तो देऊ नये. आधी जड चापावर बोटाला शिस्त लागू द्यावी. मग प्रशिक्षकाने तो हळूहळू हलका करावा. सायकल शिकणाऱ्या मुलाला आपण पहिल्याच दिवशी उतारावर सोडत नाही. तसेच हे आहे. यात थोडे गुण कमी मिळतील. पण गुण पुन्हा मिळवता येतात. सुटलेली गोळी परत बोलावता येत नाही.

मित्रांनो, उर्दूत आपण 'निशाना' म्हणतो, त्याला मराठीत 'नेम' म्हणतात. याच 'नेम' शब्दाचा दुसरा अर्थ आहे रोज न चुकता पाळायची गोष्ट. जो नेमाने नियम पाळतो, त्यालाच नेम धरण्याचा हक्क आहे. चाप जितका हलका, तितकी त्याला स्पर्श करणाऱ्या बोटाची जबाबदारी भारी.