अस्सलबरहुकूम नक्कल

ज्या निबंधाचे प्रयोजन वाचकाचे मन वळविणे हे आहे, त्यात उसन्या शब्दांचा आणि उसन्या विचारांचा प्रश्न इतर कोणत्याही लेखनापेक्षा अधिक गंभीर ठरतो. कारण काव्यात चोरी सापडली तर कवीची कीर्ती जाते, परंतु मतप्रतिपादनात ती सापडली म्हणजे त्या मताचाच आधार सुटतो, आणि ज्या वाचकाने विश्वासाने ते मत स्वीकारले त्याचीही फसवणूक होते. महाविद्यालयीन निबंधस्पर्धांच्या दिवसांत आमच्या जुन्या इंदुरातील मुलांचे कागद डोळ्यांखालून जातात, तेव्हा हा विचार मनातून हलत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी विनियम जारी केले. दुसऱ्याच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, 10 ते 40 टक्के असल्यास विद्यार्थ्याने सुधारलेला मसुदा सहा महिन्यांच्या आत द्यावा, 40 ते 60 टक्क्यांस एक वर्षाची बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द, अशी त्यांतील चढती श्रेणी आहे. परंतु ही तजवीज प्रबंधांसाठी आणि प्रकाशित लेखनासाठी आहे. गृहपाठ, निबंध आणि उत्तरपत्रिका यांना त्याच विनियमांनी स्पष्टपणे कक्षेबाहेर ठेवले आहे. यावरून महाविद्यालयीन निबंधात सर्व काही क्षम्य आहे, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढतात. मला तो मुळीच मान्य नाही. जेथे कायद्याचा दंडुका नाही, तेथे सवय लावण्याची जबाबदारी शिक्षकावर आणि घरातील वडीलधाऱ्यांवर अधिक येते, आणि ती सवय याच वयात लागली नाही तर पुढे प्रबंधाच्या वेळी टक्केवारीच्या धाकाने लागणारी नव्हे. त्याच विनियमांत योगायोगाने जुळणारे सलग 14 शब्दांपर्यंतचे साम्य गणनेतून वगळण्याची सवलत आहे; ती ऐकून तेराव्या शब्दावर वाक्य मोडावे, असा सल्ला एकमेकांना देणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्या मुलांविषयी मला राग येण्यापेक्षा वाईटच अधिक वाटले, कारण लेखन हे पकडले न जाण्याचे कसब आहे, एवढेच त्यांना आजवर कळलेले होते.

आमच्या वस्तीतील एका विद्यार्थिनीने रस्तारुंदीसाठी जुन्या वस्त्या पाडू नयेत, या विषयावर निबंध लिहून आणला होता. पहिले दोन परिच्छेद साधे, तिचे स्वतःचे होते: शनिमंदिराकडे जाणारी अरुंद वाट, घरांचे ओटे, संध्याकाळी त्यांवर बसणाऱ्या बायका. तिसऱ्या परिच्छेदात एकाएकी भाषा जड झाली आणि सामूहिक स्मृतीचा भौतिक आविष्कार वगैरे शब्द अवतरले. मी अर्थ विचारला, तेव्हा ती निर्मळपणे म्हणाली, “आजोबा, ते एका इंग्रजी लेखात होतं. मी मराठीत केलं. म्हणजे आता ते माझंच झालं ना?”

हा प्रश्न इंदुरातच अधिक विचारला जाईल, असे मला वाटते. येथील मराठी मूल इंग्रजीत वाचते, हिंदीत बोलते आणि मराठीत लिहिते. तीन भाषांतील या ये-जा करण्यात एखादा विचार मूळ धन्याचे नाव कोठल्या वळणावर गमावून बसतो, हे त्याचे त्यालाही उमगत नाही. साम्य मोजणाऱ्या यंत्रांना एकाच भाषेतील अक्षरे जुळवणे सोपे जाते. भाषांतरित विचार त्यांच्या नजरेतून सहज निसटतो. भाषांतराचे श्रम त्या मुलीचे होते, हे खरे. विचार मात्र तिचा नव्हता.

तिला मी तो लेख मिटून ठेवायला सांगितला आणि त्यात काय म्हटले आहे ते तोंडाने सांग, असे म्हटले. ती थांबत थांबत बोलू लागली आणि बोलता बोलताच तिच्या ध्यानात आले, की मूळ लेखिका राजवाड्यासारख्या भव्य वास्तूंविषयी लिहीत होती, आणि आमच्या गल्लीत तर भव्य असे काहीच नाही. येथे जपण्यासारखे आहे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजार. “मग मला तिचं म्हणणं अर्धंच पटतं,” ती म्हणाली. पुढच्या मसुद्यात तिने लेखिकेचे नाव घेतले, तिचे मत दोन वाक्यांत प्रामाणिकपणे सांगितले, आणि तिसऱ्या वाक्यापासून तिच्याशी वाद मांडला. ज्याचे नाव आपण घेत नाही त्याच्याशी आपल्याला भांडताही येत नाही. त्याचे शब्द मुकाट्याने उचलले, की त्याच्या चुकाही आपल्याच दप्तरी जमा होतात. शेजारच्या आजींनी सांगितलेली एक हकीकतही तिने त्यांच्याच नावावर घातली, आणि तो दाखला मला इंग्रजी लेखापेक्षा वजनदार वाटला.

त्याच निबंधात इंदूरचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांना 1716 साली मिळालेल्या करमाफीच्या सनदेचा उल्लेख होता. ही गोष्ट आमच्याकडे लहान मुलेही सांगतात. त्या गोष्टीला हवाला दिला नाही तरी बिघडत नाही. परंतु त्या सनदेमुळेच येथे बाजारपेठ वाढली, हे कोणा अभ्यासकाने काढलेले अनुमान आहे, आणि अनुमानाला धनी असतो. माहिती कोठे संपते आणि अनुमान कोठे सुरू होते, ही सीमा ओळखण्यातच या विद्येचा निम्मा भाग आहे.

उसनवारीचा हा प्रश्न नवा नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी संस्कृत कवी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दांच्या अपहरणाचे एका पदापासून संपूर्ण प्रबंधापर्यंत पाच प्रकार सांगितले, आणि त्याच प्रकरणात आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत नोंदविले. घेणारा कोणकोणत्या सबबींवर घेतो, त्यांची तिने यादीच दिली आहे: मूळ कर्ता अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध, तो दूर देशीचा आहे, हे जाणणारे आता उरले नाहीत, त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू आणि माझी द्राक्षासारखी गोड. आजच्या विद्यार्थ्याची एकही सबब त्या यादीबाहेरची नाही. येथे एक गोष्ट मला विशेष वाटते, ती ही की पत्नीचे मत राजशेखराने आपल्या नावावर खपविले नाही. तिच्याच नावाने लिहिले.

आपल्या मोडी दप्तरांतही नक्कल करणे कमीपणाचे नव्हते. कारकून कागद उतरून घेई आणि त्यावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा देई. त्या शेऱ्यानेच नकलेला पुराव्याची प्रतिष्ठा मिळे. आधार उघड ठेवण्याचा हाच गुण वादातही कामी येतो. आमच्याच शहरातील सरदार माधवराव किबे, जे 1926 साली मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी रावणाची लंका सिंहलद्वीपात नसून अमरकंटकाच्या परिसरात होती, असे प्रतिपादन केले. ते मत सर्वमान्य झाले नाही. परंतु त्यांनी वाल्मीकींच्या वर्णनांचा आधार उघड ठेवला होता, म्हणून विरोधकांना त्याच वर्णनांची रुजवात घेऊन उत्तर देता आले, आणि वाद विद्येच्या मर्यादेत राहिला.

आता मागितला विषय क्षणात लिहून देणारी यंत्रेही मुलांच्या हाती आली आहेत. इंदुरातील प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे: निबंधाबरोबर त्याची टिपणवहीही मागावी, जिच्यात घेतलेले वाक्य अवतरणचिन्हांत, दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत आणि स्वतःची शंका समासात, असे तिन्ही वेगळे दिसेल, आणि गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्याला समोर बसवून, कागद मिटून, पाच मिनिटे त्याच्याच मुद्द्यावर त्याला उलट प्रश्न विचारावेत.