वाफेची यंत्रे, पिशाच्चे आणि प्रेमकथा

‘स्टीमपंक’ ही संज्ञा के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात, काहीशा थट्टेनेच, सुचविली. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांचे कल्पित व्हिक्टोरियन युग हा या प्रकाराचा गाभा. पुढे प्रेमकथेने त्याच्याशी सोयरीक जुळविली. ट्रिशा टेलेप यांनी संपादिलेला ‘कॉर्सेट्स अँड क्लॉकवर्क’ (२०११) हा १३ कथांचा संग्रह त्याचे ठळक उदाहरण होय. अतिमानवी प्रेमकथांचे संग्रहही त्यांनी त्याआधी सिद्ध केले होते.

अशा संग्रहांना ‘हलके वाचन’ म्हणून बाजूस सारण्याची अभ्यासकांची सवय मला मान्य नाही. येथे लेखकापुढील पेच खरोखर अवघड असतो. अपरिचित जग उभारण्यास कादंबरीला शेकडो पाने मिळतात, लघुकथेला मोजकीच. तेवढ्यात जगही उभारायचे आणि दोन जीवांची ओढही पटवायची! पुष्कळ कथा येथेच फसतात. पितळी चक्रे, वायुनौका, गॉगल यांची वर्णने साग्रसंगीत येतात (गॉगल तर इतके, की नायिकेचे डोळे दिसण्याची पंचाईत) आणि प्रेम मात्र गृहीत धरले जाते.

म्हणून विद्यार्थ्यांनी अशी कथा वाचताना स्वतःला विचारावे, की यंत्र किंवा पिशाच्च वगळले तरी प्रेमिकांमधील अडसर तसाच उरतो काय? उरत असेल, तर ती वेषांतर केलेली नेहमीचीच प्रेमकथा. प्रियकर मृत असल्याने त्याचे वय थांबले आहे आणि प्रेयसी मात्र दिवसेंदिवस म्हातारी होत आहे, हा अडसर वास्तववादी कथेला निर्माणच करता येत नाही.