घाट चढण्याआधी

परवा रविवारी शेलूतल्याच एका ओळखीच्या गृहस्थांनी आपल्या १९ वर्षांच्या मुलाला दवाखान्यात आणले. मुलगा पहाटे मित्रांबरोबर उपाशीपोटीच सायकलवरून नेरळला गेला आणि तसाच माथेरानचा घाट चढू लागला. अर्ध्या वाटेवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. मित्रांनी टेम्पोत घालून घरी आणले.

"डॉक्टर, ही सायकल आता विकूनच टाकतो," वडील म्हणाले. मुलगा लगेच उसळला. "नागपूरचे डॉ. अमित समर्थ दिवसरात्र सायकल चालवतात, त्यांना काही होत नाही. मी एक घाट चढलो तर काय बिघडले?"

मला दोघांचेही म्हणणे पटले नाही.

डॉ. समर्थांचे नाव या पोराला ठाऊक आहे याचा आनंद मात्र झाला. २०१७ साली त्यांनी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत एकट्याने पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर आणि मुदत १२ दिवसांची. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून जास्त अंतर त्यांनी टप्प्याटप्प्याने कापले. अमेरिकेतल्या त्या शर्यतीत त्यांच्या काही तास आधी लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुलनाथ पोहोचले होते. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत जोडीने पुरी केली. चौघेही डॉक्टर! आमच्या धंद्यातल्या माणसांचे कौतुक वाटते, हे कबूल करतो.

पण मुलाने अर्धीच गोष्ट वाचली होती. या शर्यतीत स्वारामागे गाडी चालते आणि त्याने किती पाणी प्यायले, किती खाल्ले, किती झोपला याची नोंद गाडीतली माणसे ठेवतात. तरीही कित्येकांना शर्यत अर्धवट सोडावी लागते. डॉ. गोकुलनाथांनाही आदल्या वर्षी सोडावी लागली होती. दिवसाला दोन-तीन तासच झोप मिळाली की माणसाला भास होऊ लागतात. काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरवत नाही, हनुवटीखाली आधार लावून पुढे जावे लागते. याला कोणी आरोग्य म्हणेल का? तो जिद्दीचा पराक्रम आहे आणि त्यामागे अनेक वर्षांचा सराव असतो. आमच्या पिढीने मुंबई-पुणे शर्यतीतली पोरे खोपोलीहून बोरघाट चढताना पाहिली आहेत. तीही काही उपाशीपोटी निघत नसत.

आता जगातला सर्वात दरारा असलेला सायकलपटू घ्या, बेल्जियमचा एडी मर्क्स. फ्रान्सची मोठी शर्यत त्याने पाच वेळा जिंकली, इटलीचीही पाच वेळा. दुसऱ्या कोणाला काही उरू देत नाही म्हणून लोक त्याला नरभक्षक म्हणत. अशा माणसाला २०१३ साली हृदयाचे ठोके नीट राहावेत म्हणून पेसमेकर बसवावा लागला. सायकलने त्याचे हृदय बिघडवले असे मी म्हणत नाही. शर्यती जिंकणाऱ्यालाही हृदयाची तपासणी चुकत नाही, एवढेच सांगायचे आहे. तो म्हातारपणीही सायकल चालवत राहिला. २०२४ मध्ये ७९ व्या वर्षी पडून खुबा मोडला, तोही सायकलवरूनच!

म्हणून मी त्या मुलाच्या वडिलांना नेहमीचा प्रश्न विचारला. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का? ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "माझा धाकटा भाऊ. कबड्डी खेळताना पडला, तो उठलाच नाही. ३२ वर्षांचा होता." काही घराण्यांत हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड होण्याचा दोष असतो. एरवी तो कळत नाही, जोराच्या श्रमात घात करतो. उपाशीपोटी साखर उतरली असेल असे म्हणून मीही मोकळा झालो असतो. पण घरात असा मृत्यू झालेला असेल, श्रमात भोवळ येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर हृदयाचा आलेख आणि सोनोग्राफी केल्याशिवाय घाटाचे नाव काढू नये. मुलाला कल्याणला पाठवले. सुदैवाने दोन्ही तपासण्या ठीक आल्या.

राहिले वडील. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे आणि घरापासून स्टेशनपर्यंत ते मोटारसायकलने जातात. पाऊण मैल! शर्यतवाल्यांकडून काही घ्यायचेच असेल तर ते यांनी घ्यावे. मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वात मोठे. ते हलले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि सायकलवर गुडघ्यांवर भारही कमी पडतो. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने रोज अर्धा तास पुरे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी.

मुलाची जुनी सायकल त्यांनी माळ्यावरून काढली आहे. सीट इतके खाली होते की गुडघे पोटाला लागत. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. दवाखान्याबाहेरच पाना मागवून सीट चार बोटे वर करून दिले.