फळ्यावर नाव कोणाचे?

गावांना आणि शाळांना गुण देण्याचे सध्या दिवस आहेत. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ उपक्रमात शाळांचे गुणांकन होते, तर १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियाना’त ग्रामपंचायतींचे. चारचौघांत निकाल लागला की माणसे सुधारतात, ही यामागची समजूत. ती चुकीची नाही. मात्र कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांकडे पाहिले की तिची मर्यादा लगेच दिसते.

वर्तनशास्त्राला ही गोष्ट जुनीच ठाऊक आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील चौथीच्या एका दंगेखोर वर्गाचे दोन संघ करण्यात आले. कोणी मध्येच बोलले किंवा जागा सोडली, तर त्याच्या संघापुढे फळ्यावर खूण. गडबड झपाट्याने कमी झाली. १९८० मध्ये कॅनडातील डार्टमथ शहरात रस्त्याकडेला फलक लागला: काल किती टक्के चालकांनी वेगमर्यादा पाळली आणि आजवरचा उच्चांक किती. तेवढ्यानेही भरधाव गाड्या कमी झाल्या. खालापुरातून जाणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चालकांना चलन जाते. तो दंड झाला. आपण सगळे मिळून कसे चालवतो, हे त्यातून कोणालाच कळत नाही.

दोन्ही प्रयोगांत फळ्यावर एकट्यादुकट्याचे नाव नव्हते आणि जे मोजले जात होते ते प्रत्येकाच्या हातात होते. बोलणे थांबवता येते, पाय ॲक्सिलरेटरवरून काढता येतो. तरीही त्या अमेरिकी वर्गातली दोन मुले दाद देईनात, तेव्हा त्यांना संघाबाहेर काढावे लागले. संघाचे गुण बुडवणारा नकोसा होतो, ही या पद्धतीची काळी बाजू.

आता कर्जतच्या एखाद्या वाडीवरच्या शाळेत हजेरीचा तक्ता लावला तर काय होईल? बरीच कातकरी कुटुंबे वीटभट्टीची उचल घेतात, दिवाळीनंतर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात. तक्त्यावर ती ‘गैरहजर’ ठरतात आणि शाळेचे गुण खाली येतात. ज्या मुलाला घरात कोणी मागे उरलेले नाही, त्याने कोणते वर्तन सुधारायचे? हंगामी वसतिगृह वेळेत सुरू झाले का, हे मात्र कोणत्याच तक्त्यावर नसते.

हागणदारीमुक्तीच्या वेळीही हेच झाले. पहाटे ‘गुड मॉर्निंग पथके’ शिट्ट्या वाजवत, गुलाबाची फुले देत फिरत. घरी जागा असून आळस करणाऱ्याला याने थोडी लाज वाटली असेल. पण अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. तिथे शौचालयाचा खड्डा खणायलाही मालकाची संमती लागते. अशा बाईला गुलाब देणे म्हणजे निव्वळ अपमान.

याच भागाने फळा उलटा फिरवूनही पाहिला आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुढे रायगडही त्यात आला आणि कर्जतमध्ये ‘दिशा केंद्र’ या संस्थेने ती चालवली. इथे गुण लोकांना नव्हते, लोक गुण देत होते. नर्स गावात येते का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, केंद्रात औषध मिळते का? उत्तरांनुसार प्रगतिपत्रकावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर त्याचे वाचन. पहिल्या पाच जिल्ह्यांत ‘चांगली’ ठरलेल्या सेवांचे प्रमाण तीन फेऱ्यांत ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. अर्थात हे लोकांचे मत होते. त्यातून आजार किती घटले ते कळत नाही.

ही शंका रास्त आहे. युगांडात अशाच प्रगतिपत्रकांनंतर वर्षभरात पाच वर्षांखालील बालमृत्यू ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००९ च्या एका अभ्यासाने सांगितले आणि जगभर त्याचे कौतुक झाले. पुढे त्याच देशात ३७६ आरोग्य केंद्रांवर मोठी चाचणी झाली. उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, पण बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. रिकामी पदे आणि न येणारी औषधे नुसत्या फलकाने भरत नाहीत. लाल रंग दिल्यावर तो पुसण्यासाठी पैसा आणि अधिकार असलेला कोणीतरी समोर बसलेला लागतो. जनसुनवाईचे महत्त्व तिथे आहे.

म्हणून पंचायतीच्या नव्या गुणपत्रिकेत वाडीवस्तीने पाहायचे ते एवढेच: आपले गुण भरणारा रकाना आहे, तसा आपण भरायचा रकाना आहे का? अंगणवाडीच्या भिंतीवर कमी वजनाच्या बाळांची नावे लिहिण्याऐवजी या महिन्यात पोषण आहार किती दिवस आला आणि वजनकाटा चालू होता का, हे लिहिता येईल. बाळाचे वजन आईला कानात सांगावे, आहाराचे दिवस भिंतीवर लिहावेत. त्याला वेगळे अनुदान लागत नाही, खडू लागतो.